पेबल बीचचे 675 डॉलर आणि सेंट अँड्र्यूजचा रविवार

परवा न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. "काका, यंदा बोनस बरा झालाय. पेबल बीच खेळायचंय. तुम्ही खेळलायत ना? सरळ सांगा, पैसे वसूल होतात का?" पेबल बीच म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध गोल्फ कोर्स. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. म्हणून इथे सविस्तर लिहितो, कारण आता आपल्यातले बरेचजण गोल्फ खेळू लागलेत आणि हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच.

आधी आकडे. पेबल बीचची ग्रीन फी, म्हणजे तिथे खेळायचे पैसे, 2024 मध्ये 675 डॉलर झाली. म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 56 हजार रुपये, एका माणसाला, एका फेरीला. फेरी म्हणजे अठरा होल, आणि होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून (टी) बॉल भोकात घालेपर्यंतचा एक टप्पा. कॅडीचे, म्हणजे आपली बॅग वाहणाऱ्या माणसाचे, पैसे वेगळे, त्याची बक्षिशी वेगळी. शिवाय हवी ती वेळ आधीपासून राखून ठेवायची तर त्यांच्याच रिसॉर्टमध्ये मुक्काम करावा लागतो, आणि तिथल्या खोल्यांचं एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या आसपास जातं. बाहेरच्या माणसाने आदल्या दिवशी फोन करायचा आणि जागा उरली असेल तर जायचं. हिशोब जोडला तर दोघांची सहल चार-पाच हजार डॉलरच्या खाली येत नाही. एवढ्या पैशांत आमच्या इथल्या म्युनिसिपल कोर्सवर मी दोन वर्षं दर शनिवारी खेळतो.

मी पेबल बीच खेळलो ते पन्नाशीला, चौघा मित्रांनी मिळून. तेव्हा फी पाचशेच्या घरात होती. जे सुंदर आहे ते मी कमी करून सांगणार नाही. चौथ्या होलपासून दहाव्यापर्यंतचा तो पट्टा मला कॅलिफोर्नियातल्या वीस-बावीस वर्षांत पाहिलेल्या सगळ्या जमिनीत उजवा वाटतो. सातवा होल जेमतेम शंभर-सव्वाशे यार्डांचा. उतारावरून खाली समुद्राच्या तोंडाशी एवढंसं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ. वारा पडलेला असेल तर हलक्या हाताने वेज (जवळच्या फटक्याची काठी) मारायची, वारा उलटा असेल तर त्याच शंभर यार्डांना लांब पल्ल्याची काठी, लांब आयर्न, काढावं लागतं. आठव्याला दुसरा फटका खोल कड्याच्या पलीकडे मारायचा असतो, मध्ये समुद्र. अमेरिकेचा दिग्गज गोल्फर जॅक निकलस याला आपला सर्वांत आवडता दुसरा फटका म्हणतो, आणि तिथे उभं राहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. मी तिथे बॉल कड्यापलीकडे नेला तेव्हा आमच्यातला एक मित्र इतक्या जोरात ओरडला की मागच्या टीवरची माणसं वळून बघायला लागली.

पण पहिले तीन होल आणि अकरा ते सोळा? चांगले आहेत. तेवढेच. समुद्र पाठीमागे राहतो, दुतर्फा घरं आणि झाडं लागतात आणि आपण एका उत्तम राखलेल्या कोर्सवर खेळत राहतो. असे कोर्स या देशात पुष्कळ आहेत आणि त्यांचे 675 डॉलर कोणी मागत नाही. मग हे पैसे कसले? माझं मत असं की त्यातले निम्म्याहून जास्त पैसे मालकीच्या व्यवहाराचे आहेत. 1990 मध्ये ही मालमत्ता एका जपानी उद्योजकाने 80 कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतली. मेंबरशिपा विकायचा त्याचा बेत फसला आणि दोन वर्षांत ती खूप कमी किमतीत विकावी लागली. 1999 मध्ये उद्योजक पीटर युबेरॉथ, गोल्फर अर्नोल्ड पामर आणि अभिनेता क्लिंट ईस्टवूड यांच्या गटाने ती 82 कोटी डॉलरना घेतली. जमिनीत एवढा पैसा ओतणारा माणूस तो कुठून तरी काढणारच. तो काढायची जागा म्हणजे आपली ग्रीन फी. त्यात चूक काही नाही, धंदाच आहे. पण "पैसे वसूल होतात का" असं विचारणाऱ्याला हे माहीत असावं.

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आणि बायको स्कॉटलंडला गेलो होतो. बायको गोल्फ खेळत नाही, पण तिला सेंट अँड्र्यूज गाव बघायचं होतं. तिथे माझा एक जुना सहकारी एडिनबराहून येऊन भेटला. ओल्ड कोर्सवर, म्हणजे गावच्या जुन्या, नावाजलेल्या गोल्फ कोर्सवर, खेळायचं तर बहुतेक लोक चिठ्ठीवर अवलंबून असतात. दोन दिवस आधी नावं द्यायची, संध्याकाळी निकाल लागतो. किती पैसे आहेत, कुठल्या हॉटेलात उतरलायत, याला तिथे किंमत नाही. पहिल्या दोन दिवशी आमचं नाव आलं नाही. तिसऱ्यांदा लागलं. दुपारी तीन चाळीसची वेळ. फी तेव्हा तीनशे पौंडांच्या पुढेमागे होती (2024 मध्ये 320 झाली), म्हणजे तीही काही स्वस्त नाही.

आणि पहिल्यांदा बघताना हा कोर्स डोळ्यांना काहीच देत नाही. सपाट माळ. झाड नाही, तळं नाही, पहिल्या होलपाशी एक ओढा तेवढा. अमेरिकन गोल्फर सॅम स्नीडने 1946 मध्ये आगगाडीतून तो पाहिला आणि हा कुठला पडीक कोर्स, असं विचारलं, ही गोष्ट गोल्फवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याने तिथली ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, जिंकली. दुसरा अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्स 1921 मध्ये त्याच स्पर्धेत तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर वैतागून स्पर्धेतून बाहेर पडला. तोच जोन्स 1927 मध्ये तिथेच ओपन जिंकला. 1958 मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं, तेव्हा तो आजारपणामुळे खेळू शकत नव्हता, आणि बोलताना त्याने सांगितलं की आयुष्यातून बाकी सगळं काढून टाकलं आणि फक्त सेंट अँड्र्यूज ठेवलं तरी माझं आयुष्य भरलेलं राहील.

मला हे कळायला बारावा होल यावा लागला. टीवरून समोर स्वच्छ, मोकळा फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट, दिसतो. मी मधोमध मारला. त्या दिवसातला माझा सर्वांत सरळ फटका. चालत गेलो तर बॉल एका खोल, गोल, माणूस जेमतेम उभा राहील एवढ्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. टीवरून तो बंकर दिसतच नाही! आमच्या चौघांत तिथला एक निवृत्त मास्तर होता. तो म्हणाला, पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळायचे, तिकडून आलास तर हे सगळे बंकर दिसतील. मी सँड वेज काढली आणि पुढे मारायचा मोह सोडून आडवा, मागच्या बाजूला बॉल काढला. मास्तरांनी नुसती मान हलवली. पुढे ग्रीनपासून चाळीस यार्डांवर होतो, सवयीने वेज काढायला गेलो तर म्हणाले, पुटर घे, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायची काठी. मी चाळीस यार्डांवरून पुटर मारला. बॉल टणक जमिनीवरून एका उंचवट्यावर चढला, डावीकडे वळला, खाली उतरला आणि झेंड्यापासून तीन फुटांवर थांबला. समुद्र मागे हटला तेव्हाची वाळू आहे ती खाली. पाणी धरत नाही, गवत आखूड, त्यामुळे बॉल हवेत कमी आणि जमिनीवर जास्त खेळतो. मुंबईत पावसाळ्यात कांगा लीगचं क्रिकेट खेळलेल्या माणसाला जमीन वाचायची सवय असते. मला वाटलं, हा खेळ मला आधीपासून येतो.

आणखी एक. सात आणि अकरा हे दोन होल एकमेकांना छेदतात. सात ग्रीन तर दोन-दोन होलांची मिळून आहेत, आणि त्या जोड्यांच्या होलांची बेरीज दर वेळी अठरा. आपण पुट करत असतो आणि त्याच ग्रीनच्या दुसऱ्या टोकाला समोरून आलेले दुसरेच लोक पुट करत असतात. आझाद मैदानावर जो खेळलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. आपला पॉइंट उभा असतो दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला, तिकडचा बॉल आला की वाकून अडवायचा, हात करायचा, पुन्हा आपल्या मॅचकडे वळायचं. अठराव्यावर ओढ्यावरचा तो लहानसा दगडी पूल ओलांडला तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. कुंपणापलीकडे रस्त्यावर आइस्क्रीम खात उभी असलेली मुलं आमचे पुट बघत होती.

खरी गोष्ट रविवारी कळली. रविवारी ओल्ड कोर्स बंद. ओपनसारख्या मोठ्या स्पर्धा सोडल्या तर तिथे रविवारी गोल्फ नाही. "तुम्हाला विश्रांती नको असेल, पण कोर्सला हवी," असं एकोणिसाव्या शतकात तो कोर्स सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसच्या नावावर सांगतात. त्या दिवशी तिथे गाव फिरतं. मी दोन दिवसांपूर्वी जिथे तीनशे पौंड भरून उभा होतो त्या अठराव्या फेअरवेवरून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. दोन कुत्री ओढ्यात उड्या मारत होती. बायको चपला हातात घेऊन अनवाणी चालत होती. ती दादरची. म्हणाली, "अरे, हे तर शिवाजी पार्कच आहे."

अगदी खरं. आणि ते आपोआप तसं राहिलेलं नाही. 1552 च्या एका सनदेत त्या जमिनीवर गोल्फ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क लिहून ठेवलेला आहे. 1797 मध्ये गाव कर्जात बुडालं आणि जमीन विकली गेली. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिथे ससे पाळले, कातडी आणि मांसासाठी. सशांनी माळ पोखरून काढला. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वीसएक वर्षं कोर्टकज्जे आणि हाणामाऱ्या झाल्या. 1821 मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जमीन विकत घेऊन ससे हटवले. 1894 मध्ये गावाने ती परत घेतली आणि 1974 पासून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला एक ट्रस्ट ती सांभाळतो. तिथे एकूण सात कोर्स आहेत, आणि गावच्या माणसाला सातही कोर्सचा वर्षाचा पास आम्हा पाहुण्यांच्या दोन फेऱ्यांहून कमी पैशांत मिळतो. पाहुण्याचे पैसे त्याच मातीत परत जातात. मला ते पैसे एकदाही डाचले नाहीत.

उलट अनुभवही सांगतो. एका नामांकित रिसॉर्ट कोर्सवर, नाव लिहीत नाही, मी कॅटलॉगातला फोटो बघून गेलो होतो. पहिल्या ग्रीनवर पाऊल ठेवलं तर सगळीकडे बोटभर भोकं, त्यांत वाळू भरलेली. ग्रीनची माती दबते म्हणून वर्षातून एकदोनदा अशी भोकं पाडावी लागतात, ते बरोबरच आहे, त्याशिवाय मुळांना हवा मिळत नाही. पण ग्रीन भरून यायला दोनेक आठवडे लागतात आणि तोवर बॉल टणाटण उडत जातो. आधी कोणी सांगितलं नाही आणि फी पूर्ण घेतली. विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने वेबसाइटवरची बारीक अक्षरं दाखवली. वर गोल्फची छोटी गाडी (कार्ट) सक्तीची, साडेपाच तासांची फेरी, आणि दर तिसऱ्या होलवर मार्शल येऊन लवकर आटपा म्हणणार. मला खूप राग आला होता आणि अजूनही आहे. बाजूच्या गटात एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. त्यांनी त्या दिवसासाठी पैसे साठवले होते. अशा माणसाला आधी एक ईमेल करायला काय जातं?

तर बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पैसे साठवून, पोटाला चिमटा काढून पेबल बीचला जाऊ नकोस. समुद्र बघायचाय ना? शेजारच्या कार्मेल गावाचा किनारा सगळ्यांसाठी खुला आहे, तिथून नववा-दहावा होल समोर दिसतो. आणि खेळायचंय ना? पाच-सहा मैलांवर पॅसिफिक ग्रोव्हचा म्युनिसिपल कोर्स आहे. त्याचे मागचे नऊ होल जॅक नेव्हिलनेच आखले आहेत, पेबल बीच आखणाऱ्या दोघांपैकी एक. वाळूच्या टेकड्या, 1855 चं दीपगृह, फेअरवेवर चरणारी हरणं आणि शेजारी तोच पॅसिफिक. आठवड्यातल्या दिवशी शंभर डॉलरच्या आत. पुढचे नऊ होल झाडीतले, साधे आहेत, तेही सांगून ठेवतो.

आणि तू राहतोस तिथून लाँग आयलंड किती लांब? बेथपेज ब्लॅक न्यूयॉर्क राज्याच्या पार्कात आहे. 2002 ची यूएस ओपन तिथे झाली, तेव्हा सरकारी मालकीच्या कोर्सवर ती पहिल्यांदाच होत होती. लोक टी टाइमसाठी रात्रभर पार्किंगमध्ये गाडीत झोपतात. तू न्यूयॉर्कचा रहिवासी नाहीस म्हणून जास्त पडतील, तरी पेबल बीचच्या जवळपासही जात नाही. कोर्सवर कार्ट मिळत नाही, चालावं लागतं. पहिल्या टीपाशी पाटी आहे, हा कोर्स अतिशय अवघड आहे, फक्त कसलेल्या खेळाडूंनीच खेळावं. ती पाटी शब्दशः खरी आहे. आधी हँडिकॅप (जितका कमी तितका खेळाडू चांगला) दहाच्या जवळ आण, मग जा.

बोनसचे पैसे बाजूला ठेव, दोन उन्हाळ्यांनी स्कॉटलंडला जा आणि किमान पाच दिवस रहा. चिठ्ठी लागली नाही तर शेजारचा न्यू कोर्स खेळ. नावाला न्यू, पण 1895 चा आहे, ओल्ड टॉमने आखलेला. सुनेला घेऊन जा, रविवार मधे येईल असं बघ.

तोवर इकडे ये. ऑक्टोबरात तिकडे, मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर, धुकं कमी असतं. पॅसिफिक ग्रोव्हची दुपारची वेळ मी घेऊन ठेवतो, गाडी मी चालवतो, तू फक्त तुझे शूज आण. काकू डबा देणार आहेच.