चार मिनिटांचा लेट मार्क

काल माझी अर्धी रजा कापली गेली, आणि तीही मी वेळेवर पोहोचलो असताना. मोबाईलमध्ये ९:२८ वाजले होते, दारावरच्या अंगठा घेणाऱ्या यंत्रात ९:३२.

हजेरी पाहणारे काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही."

"खोटं बोलत नाही, पण ते एकटं पडलंय," मी म्हणालो. नेटवर्कला जोडलेली घड्याळे एकमेकांना विचारून चालतात. प्रश्न केव्हा निघाला, केव्हा पोहोचला, उत्तर केव्हा निघाले आणि केव्हा आले, या चार नोंदींवरून ती आपली चूक काढतात. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांची ही एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) पद्धत १९८५ पासून चालत आली आहे. तिचे गृहीतक एवढेच, की जायला लागतो तेवढाच वेळ यायला लागतो; सकाळी अंधेरीहून चर्चगेटला जाणाऱ्याला ते पटणे कठीण.

यंत्राची नेटवर्कची केबल मात्र मागे रबरबँड लावून लोंबत होती. "आयपीएलला साहेबांच्या टीव्हीसाठी काढली होती, ती राहिलीच," काका म्हणाले. साधे क्वार्ट्झ घड्याळ दहा लाख सेकंदांत वीस सेकंद, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, सहज पुढे जाते. साडेचार महिन्यांत चार मिनिटे! हिशेब चोख जुळला. रजा मात्र माझी गेली.

"एका यंत्रासाठी केबल कशाला?" काका म्हणाले, "तुम्हीच सगळे आपापले मोबाईल यंत्राला लावून घ्या. मी भिंतीवरचं आणि हातातलं, दोन्ही रोज सकाळी मिळवतो."

"मग लोकल कशी मिळते?"

"मिळते हो," काका गंभीर झाले, "पण रेल्वेचा कारभार बिघडलाय. गाडी हल्ली रोज चार मिनिटं उशिरा येते."

भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे अनेक दशके सोडली नव्हती. त्या हिशेबाने मी ८:४९ लाच हजर होतो. पण हे काकांना सांगण्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी रीतसर तक्रार अर्ज घेऊन गेलो. अर्ज साडेपाचपर्यंतच घेतात. माझ्या मोबाईलमध्ये ५:२७ झाले होते. काकांनी भिंतीकडे पाहिले, शिक्क्याची डबी मिटली आणि म्हणाले, "उद्या या. जरा लवकर या."