रिकामे भांडे परत करू नये

शेजारच्या घरून आलेले भांडे रिकामे परत करू नये, हा जुना रिवाज खान्देशात अजून पाळला जातो. भरिताचा डबा आला, तर परत जाताना त्यात निदान चार उडदाचे पापड, मूठभर शेंगदाणे, आणि घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी जाते. अशा मुलखातल्या माणसाने आपला जुना लॅपटॉप मोडीत देताना तो आधी पुसून कोरा करावा, ही कल्पनाच मनाला पटत नाही. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून आमच्या एकट्या नात्यातले तीन लॅपटॉप माळ्यावर गेले असून दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरणार आहेत. ते भरल्या ओटीनेच घराबाहेर पडावेत, यासाठी हे मार्गदर्शन.

आपण काय देत आहोत, याचा आधी अभिमान बाळगावा. ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर चढवलेला सातबारा, आठ-अ आणि पासबुकाचे पहिले पान, केळीच्या पीकविम्याचा अर्ज, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला, आणि ‘आधार नवीन फायनल २’ या नावाची एक फाइल, एवढा ऐवज डाउनलोडच्या फोल्डरात सहज सापडतो. संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो, अशी शंका एखादा काढील. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे साल. आणि नाव व जन्मतारीख दोन्ही छापलेले पॅनकार्ड आपण त्याच फोल्डरात शेजारी ठेवलेले असते, त्यामुळे घेणाऱ्याची गैरसोय होत नाही. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड ही वरची दक्षिणा समजावी.

तरीही काही जण लोकलाजेस्तव फाइली डिलीट करतात आणि रीसायकल बिनही रिकामी करतात. त्यांना अडवू नये, कारण त्याने फारसे काही बिघडत नाही. तलाठ्याच्या दप्तरातून आपले नाव कमी झाले म्हणून शेतातली कपाशी उपटली जात नाही. तसेच संगणकही फाइल कोठे आहे ही नोंद तेवढी काढतो आणि ती जागा मोकळी झाली असे स्वतःशी लिहून ठेवतो. फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागेत दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पीक उभेच असते. घाईघाईने केलेल्या क्विक फॉरमॅटनेही दप्तर तेवढे नवे होते.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. तो ‘एकदम क्लीन’ आहे, असे विकणाऱ्याने दोनदा सांगितले होते. माझेच काही फोटो चुकून उडाले, म्हणून मी फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला, आणि माझ्या फोटोंबरोबर एका अनोळखी कुटुंबाचे अख्खे लग्न वर आले. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचा आचाऱ्याशी झालेला हिशेब त्यात होता, मंडपाची उधारी होती, आणि आहेराची नावनिशीवार यादी होती. सख्ख्या मामाने ५१ रुपयांवर भागवले होते आणि त्या आकड्यापुढे कोणीतरी दोन उद्गारचिन्हे दिली होती. मी ती यादी वाचायला नको होती, हे मला मान्य आहे. शेवटपर्यंत वाचून मगच पुसली.

दानशूरपणात आपण एकटे नाही. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या, आणि बाकीच्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले. मॉर्गन स्टॅनलीसारख्या मातब्बर अमेरिकन वित्तसंस्थेने तर ग्राहकांची माहिती असलेली यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीकडे सोपवले, त्यांतली काही पुढे लिलावात विकली गेली, आणि २०२२ मध्ये त्यापायी साडेतीन कोटी डॉलरांचा दंड भरावा लागला. आपल्याला एवढा दंड कोण करणार?

घरातला एखादा शिकलेला भाचा मात्र सावध असतो. विंडोज रीसेट करताना ‘सगळे काढून टाका’ हा पर्याय निवडून, त्यापुढे सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करावे, म्हणजे डिस्कवर खरोखर नव्याने लिहिले जाते, असे तो सुचवील. त्याला काही तास लागतात, असे सांगून विषय टाळावा. तेवढ्याने ऐकला नाही, तर पीटर गटमन या संगणकतज्ज्ञांचे नाव घ्यावे. त्यांनी १९९६ मध्ये ३५ वेळा पुनर्लेखन करण्याची पद्धत मांडली होती. ती त्या काळातल्या निरनिराळ्या डिस्कांसाठी होती, आणि आजच्या चुंबकीय डिस्कला एकदाचे पुनर्लेखन सामान्यतः पुरते, असे अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. पण हा खुलासा भाच्यापाशी करू नये. ३५ पाळ्यांचा आग्रह धरला, की भारनियमनात पहिलीही पूर्ण होत नाही आणि भाचा आपण होऊन जेवायला उठतो.

लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क असेल, तर आपले काम आणखी सोपे होते, कारण तिथे भाचा पुनर्लेखन करून समाधानाने निघून जातो. कोठे काय लिहायचे ते ठरवणारा एसएसडीचा कंट्रोलर हा फार हुशार सालदार असतो. एकाच वावराची सारखी झीज होऊ नये म्हणून, आपण अमुक गटात नांगर घाला म्हटले की तो भलत्याच गटात नांगर घालतो आणि बांधावरची पाटी तेवढी तिकडे नेऊन रोवतो. जुन्या वावरातले काही पीक आपल्या नजरेआड शिल्लक राहू शकते. यावर ‘सिक्युअर इरेज’ नावाची आज्ञा आहे. ती थेट कंट्रोलरलाच सगळे पेशीगट रिकामे करायला सांगते, आणि डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये किंवा काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती मिळते. बायोस म्हणजे काय, हे घरात कोणालाही विचारू नये. त्याचप्रमाणे लॅपटॉप नवा असतानाच विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने सगळी डिस्क कुलूपबंद करून ठेवली, तर शेवटी किल्ली नष्ट करताच आतला माल निरुपयोगी होतो. पण पहिल्या दिवशी आपण हार घालून लॅपटॉपची पूजा करण्यात गुंतलेले असतो.

हातोड्याचा उपाय पुष्कळांना आवडतो. फिरती डिस्क बाहेर काढून, डोळ्यांना चष्मा लावून, तबकडीचे तुकडे केले तर तो चालतोही. आपण मात्र अख्खा लॅपटॉप फरशीवर ठेवून घाव घालावा, म्हणजे घाव लिथियम बॅटरीवर बसतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात आगीची भर पडेल आणि एसएसडीची बोटाएवढी पट्टी कदाचित शाबूत राहील.

आता देण्याचा मुहूर्त. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रे त्यांतच सांगितलेली आहेत. पण केंद्र शोधायचे, तिथे जायचे, पावती मागायची, आणि एवढे करूनही डिस्क आपली आपणच पुसून न्यायची, हा कारभार कोणी सांगितला आहे? सकाळी दहाच्या सुमारास भोंगा लावलेली हातगाडी गल्लीत येतेच. ‘या भाऊ, बसा’ म्हणून पाणी द्यावे, चार्जर आठवणीने सोबत द्यावा, आणि पासवर्डची चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे ना, ते बघावे. हाती आलेली पाचशेची नोट तेवढी उन्हात धरून, तिच्यावरची हिरवी तार तिरपी केल्यावर निळी होते की नाही, हे दोनदा पडताळून घ्यावे, कारण हल्ली कोणाचा भरवसा देता येत नाही.