घराखाली दुकान असावे का? एका बालेवाडीकरांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे आणि तो राग रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोच्या दोन्ही अंगांना घरे, कचेऱ्या, दुकाने, शाळा एकमेकांना लागून येऊ द्याव्यात, म्हणजे जमिनीचा मिश्र वापर असावा, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर तुम्ही लिहिता की ही बिल्डरची भाषा झाली. तुमच्या इमारतीखाली हॉटेले आहेत, मध्यरात्र उलटली तरी गाणी बंद होत नाहीत, रस्त्यावर गाड्यांच्या दोन-दोन रांगा आणि नळाला पाणी नाही म्हणून टँकर. निवासी भाग निवासीच राहिला असता तर ही वेळ आली नसती, असे तुमचे म्हणणे.

तुम्ही सांगितलेला त्रास मला पूर्ण मान्य आहे. त्याचे कारण मात्र मला पटत नाही.

काम एकीकडे आणि घर दुसरीकडे, ही रचना पुण्याने हिंजवडीत करून पाहिली. एमआयडीसीने तिथे जमीन घेतली ती उद्योगासाठी. राजीव गांधी आयटी पार्कचे एकेक टप्पे उभे राहिले आणि तिथे काम करणारी माणसे राहायला गेली वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर, औंधला. सकाळी सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, संध्याकाळी बरोबर उलट. पुढे त्या बाजूला टाऊनशिप आल्या, पण तोवर रस्त्यांची आखणी होऊन गेली होती. शिवाय लाखो लोकांचा राबता असलेली हिंजवडी आणि माण ही गावे वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीतच राहिली. आतला रस्ता एमआयडीसीचा, गावठाण ग्रामपंचायतीचे, नियोजन पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, वाकडचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका. भुमकर चौकात अडकलेल्या माणसाने तक्रार कोणाकडे करायची, हेच ठरत नाही. तुम्हाला हवी असलेली वेगळी वस्ती म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला हा रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास. तुमच्याच सोसायटीतले किती जण तो करतात, एकदा विचारून पाहा.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हे पुण्याला कोणी परदेशातून आणून दिलेले नाही. शनिवार, नारायण, बुधवार, रविवार, कुठल्याही पेठेत जा. तळाला वाणी, शिंपी, वैद्य आणि माडीवर नांदती घरे. तिथेही गोंगाट असे, भांडणेही होत. पण पिठाच्या गिरणीसाठी कोणाला गाडी काढावी लागत नव्हती आणि म्हातारे माणूस आपल्या पायांनी बाहेर पडून चार कामे उरकून येत असे. बालेवाडीत हे सुख मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आता हॉटेलांकडे येतो, कारण तुमची झोप तिथे गेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि याच नियमांत एक टीप आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते: मिश्र वापराच्या भागाला यांपैकी कोणता वर्ग लावायचा, हे सक्षम प्राधिकरणाने ठरवायचे असते. म्हणजे जिथे वर माणसे झोपतात तिथे निवासी मर्यादाच लावा, ही मागणी कायद्याच्या चौकटीत बसते. ती रेटून धरली पाहिजे. दुसरे असे की असा त्रास पुष्कळदा गच्चीवरच्या शेडमधून आणि समोरच्या मोकळ्या सोडायच्या जागेत मांडलेल्या टेबलांमुळे होतो. ती जागा, म्हणजे मार्जिन, मंजूर नकाशात मोकळी असते. तुमच्या इमारतीचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवा. त्यात गच्चीवर हॉटेल दाखवलेले नसेल तर दोष उल्लंघनाचा आणि ते चालू देणाऱ्यांचा आहे. बेकरी, दवाखाना, चप्पल शिवणारा यांना त्यापायी हद्दपार का करायचे?

पाण्याबाबत मी तुमच्याहूनही कडक आहे. महापालिकेचे पाणी येईपर्यंत पुरवठ्याची जबाबदारी आपली, असे हमीपत्र बिल्डर लिहून देतो, त्यावर परवानगी मिळते. सोसायटी ताब्यात दिली की त्या कागदाची आठवण कोणाला राहत नाही आणि टँकरचे बिल रहिवाशांच्या देखभाल खर्चात येऊन बसते. जून २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. हद्द एका आदेशाने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. हे हमीपत्र बंदच व्हायला हवे. जिथे जलवाहिनी पोहोचली नाही तिथे भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, मग इमारत निवासी असो की मिश्र.

मगरपट्ट्याचे उदाहरण देऊन तुम्ही विचारता की मिश्र वापर चांगला तर सगळीकडे तसा का नाही. मगरपट्टा मला मनापासून आवडतो, ते मुख्यतः शेतकऱ्यांमुळे. हडपसरच्या शंभरावर कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भाग घेतला. आयटी कचेऱ्या, शाळा, रुग्णालय, घरे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. पण ते एकाच मोठ्या सलग जमिनीवर जमले. बालेवाडीत, म्हाळुंग्यात जमीन तुकड्या-तुकड्यांची आहे आणि परवानगीही प्लॉटगणिक मिळते. प्रत्येक जण आपली भिंत बांधतो, दोन सोसायट्यांमधून जाणारा रस्ता कोणीच सोडत नाही, मग सगळी वाहने एकाच मुख्य रस्त्यावर.

यावर इलाज जुना आहे. नगररचना योजनेची सोय करणारा मुंबई नगररचना कायदा १९१५ सालीच झाला होता. सगळे मालक थोडी थोडी जमीन सोडतात, आधी रस्ते आणि बागा आखल्या जातात, मग उरलेले भूखंड नीट आकारात परत मिळतात. म्हाळुंगे-माण भागात पीएमआरडीएने अशी नगररचना योजना हाती घेतली. आता मोठ्या आराखड्याची गत पाहा. २०२१ मध्ये पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये तो रद्द झाला. इमारती त्या काळात एक दिवसही थांबल्या नाहीत. तुम्ही आणि मी ज्यावर संतापायचे ते हे.

एका गोष्टीवर मात्र आपले जमणार नाही. "आता पुरे, आणखी घरे नकोत" असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बायका, रात्रपाळीचे रखवालदार, खालच्या हॉटेलातले आचारी राहतात कुठे? ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के लहान घरे बांधण्याचा नियम आहे, आणि बालेवाडीत ती घरे हवीतच. अधिकृत घरे थांबवली तर ही माणसे गाव सोडून जाणार नाहीत. अर्ध्या-एक गुंठ्याच्या तुकड्यांवर, ना ड्रेनेज ना रस्ता अशा ठिकाणी बांधतील, आणि दहा वर्षांनी ती वस्तीही याच महापालिकेत येईल.