एमआरआयनंतरही बायॉप्सी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आजचे एमआरआय इतके स्पष्ट असताना मेंदू व मेरुरज्जूच्या गाठींवरील माझ्या लेखात मेंदूतील गाठीच्या बायॉप्सीवर (गाठीचा लहान तुकडा काढून तपासण्यावर) मी दिलेला भर अनाठायी आहे, त्याने रुग्ण विनाकारण घाबरतो आणि सुई लावल्याने गाठ पसरते, असे आपण लिहिले आहे.

काही गाठींबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. मेंदूच्या आवरणाला चिकटलेला लहान मेनिन्जिओमा (त्या आवरणातूनच वाढणारी, बहुधा सौम्य गाठ) योगायोगाने आढळला, तर बहुधा ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय करून त्यावर लक्ष ठेवले जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत मोठी गाठ आणि रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक खूप वाढलेले असेल, तर तेवढ्यावरून निदान होते आणि उपचार सहसा गोळ्यांनीच सुरू होतात.

मात्र कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, चित्र उजळ करणारे औषध) दिल्यावर मेंदूच्या आत कड्यासारखी उजळणारी गाठ ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग) असू शकते, फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार असू शकते, तसेच पू भरलेले गळू किंवा क्षयाची गाठही असू शकते. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रांत (ऊतीतील पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या)  गळूची शंका बळावते, पण खात्री नेहमीच होत नाही. आणि एका आजारावर प्रतिजैविके, तर दुसऱ्यावर शस्त्रक्रिया व रेडिएशन द्यायचे असताना अंदाजावर उपचार सुरू करणे मला धोक्याचे वाटते. लिम्फोमाची (लसीका पेशींच्या कर्करोगाची) शंका असेल, तर शक्य असल्यास बायॉप्सीआधी स्टेरॉइडही टाळतात, कारण त्याने गाठ तात्पुरती विरघळून नमुन्यातून निदान न होण्याची शक्यता असते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात प्रौढांतील ग्लायोमाचा (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीचा, ग्लायोब्लास्टोमा हा त्यातलाच) प्रकार ठरवताना आयडीएच जनुकातील बदल पाहावा लागतो, आणि त्याची खात्री गाठीच्या ऊतीतूनच होते. बायॉप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, हे खरे. सुईच्या मार्गाने ग्लायोमा पसरणे मात्र अत्यंत विरळ आहे.

माझ्या लेखातील मेरुरज्जूवरील (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवरील) भाग अनावश्यक होता, हे आपले मत मात्र मी स्वीकारू शकत नाही. आडवे झाल्यावर वाढणारी, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांतील अशक्तपणा, छाती किंवा पोटाच्या एका पातळीखाली आलेला बधिरपणा आणि लघवी अडणे ही लक्षणे दिसल्यास, विशेषतः पूर्वी कर्करोग झालेला असल्यास, संपूर्ण मणक्याचा एमआरआय तातडीने करायला हवा. एक्स-रे निर्दोष आला म्हणून थांबू नये. मेरुरज्जूवर दाब आलेला रुग्ण उपचार सुरू होताना चालू शकत होता की नाही, यावर तो पुढे चालेल का हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.