भाजीचा पैसा आणि तुमचे तीन आक्षेप

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे. दोन्ही चांगलंच, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की अल्पभूधारक बाईला स्वतःचा पैसा मिळवायचा असेल, तर थोड्या जागेतला भाजीपाला हा सगळ्यात जवळचा रस्ता. त्यावर तुमचं म्हणणं असं: भाजी नाशवंत, दर पडला की माल मातीमोल, बाईच्या कामात आणखी भर, आणि पैसा दिसू लागला की तो नवऱ्याच्या खिशात. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आधी जमीन नावावर करा, मग भाजीच्या गप्पा मारा.’

खिशापासून सुरुवात करते, कारण खरी मेख तिथेच आहे. तुमची भीती हवेतली नाही. केनियातल्या मेरू भागात निर्यातीसाठी फरसबी होऊ लागली. भाजीपाला हे तिथे पूर्वापार बायकांचं काम. पण निर्यातीचे करार झाले ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, आणि पैसेही त्यांच्याच हातात गेले. कॅथरिन डोलन या संशोधक बाईंनी तिथे अभ्यास केला, तेव्हा फरसबीच्या कष्टांपैकी ७२ टक्के बायकांचे आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा ३८ टक्के, असा हिशेब निघाला. राबणारे हात तेच राहिले, पैसा यायची वाट तेवढी बदलली.

यावरून तुम्ही म्हणता, भाजीचा नाद सोडा. मी म्हणते, ती वाट बदलू देऊ नका. भाजीचा पैसा बाईच्या हातात टिकतो तो थोडाथोडा येतो म्हणूनच. पालक महिन्याभरात कापायला येतो, मिरचीचे तोडे काही महिने चालतात, आणि भेंडी एकदा लागली की दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकला तर ती जून होते आणि कोणी हात लावत नाही. म्हणजे आज एक पाटी, परवा एक पाटी. ही सुटी रक्कम मीठ, वह्या, औषध यांत लगेच मुरते. त्यावर घरात चर्चा होत नाही, कोणी हिशेब विचारत नाही. तीच रक्कम हंगामाच्या शेवटी एकदम खात्यावर आली की ती ‘घरची’ होते, आणि घरचा निर्णय कोण घेतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे ‘महिलांच्या मालाला मोठा खरेदीदार मिळवून देऊ’ हे वाक्य ऐकलं की मी आधी सावध होते. एक खरेदीदार, एक पीक, एक धनादेश, ही व्यवस्था योजना चालवणाऱ्याला सोयीची असते. करार करायचाच तर तिच्या नावाने, आणि पैसे दर तोड्यामागे, तिच्या स्वतःच्या खात्यात.

दर पडण्याचंही बरंचसं उत्तर यातच आहे. दर कोसळतो तो सगळ्यांचा टोमॅटो एकदम बाजारात येतो तेव्हा. चार-पाच भाज्या, त्याही एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने, असं केलं की नुकसान होतं, पण एका फटक्यात होत नाही. आणि उरलेली भाजी घरात शिजते. कापसाचं तसं काही करता येत नाही.

कष्टांच्या बाबतीत मात्र तुम्ही हातचं राखूनच लिहिलंय. शंभर चौरस मीटरचा तुकडा घ्या. उन्हाच्या दिवसांत त्याला रोज पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर झाले ५०० लिटर. दहा लिटरच्या झारीने पन्नास झाऱ्या. दोन्ही हातांत एकेक धरली तरी पंचवीस खेपा, दररोज, आणि घरचं पाणी वेगळंच. बियाण्यांची पाकिटं वाटून फोटो काढणाऱ्यांच्या हिशेबात या खेपा कधीच येत नाहीत. म्हणून पहिला पैसा तुकड्यापर्यंत पाणी आणण्यावर खर्च व्हावा, बियाणं नंतर. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या उत्तरेकडे, कालाले भागात २००७ साली महिला गटांच्या भाजीमळ्यांना सौरपंप आणि ठिबक जोडलं गेलं. कोरड्या हंगामातही भाजी निघू लागली, काही घरात खाल्ली गेली, बाकीची विकली गेली. यंत्रणा महागडी होती हे खरं, पण क्रम बरोबर होता.

पाण्यासारखंच खताचं. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्याच बुर्किना फासो देशातल्या शेतीची आकडेवारी मांडली. एकच घर, एकच पीक, एकच वर्ष, तरी बायकांच्या तुकड्यात उतारा सुमारे ३० टक्के कमी. शेणखत जवळपास सगळं पुरुषांच्या तुकड्यात पडत होतं. अशा बाईला लागवडीचं प्रशिक्षण देऊन काय होणार?

आता जमीन. नावावर व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण वारसाहक्क, नोंदणी, भाऊबंदकी यांत वर्षं जातात, आणि तिला पैसा या हंगामात हवाय. तोवर ती दुसऱ्याच्या जमिनीवर पिकवणार, आणि त्यातला धोका गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशात फार उघडा दिसला. तिथल्या नॉर्थ बँक भागात दुष्काळानंतर बायकांनी सखल जमिनीत भाजीमळे उभे केले. विहिरी आणि कुंपणासाठी देणग्याही आल्या. मळे बहरल्यावर जमीनमालकांनी त्यातच आंब्याची रोपं लावली. बायका भाजीला पाणी घालत होत्या, त्यावर आंबे फुकटात वाढले. मग सावली पडली आणि भाजीचं पीक खुंटलं. काही जणींनी फांद्या छाटल्या, काहींनी झाडंच तोडली. भांडणं झाली ती वेगळीच.

त्यामुळे जमीन नावावर नसेल तर निदान लेखी करार हवा, आणि त्यात मुदत किती वर्षांची, विहिरीवर हक्क कोणाचा, जमीन सुधारल्यावर मालकाने परत मागितली तर भरपाई किती, आणि त्या मुदतीत मालकाने तिथे झाड लावायचं नाही, एवढं स्पष्ट असावं. असा मसुदा कुठे प्रत्यक्ष वापरात पाहिला असेल, तर इथेच खाली टाका. मला तो हवा आहे.