दुभाष्यावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी?

नाशिक परिसरातील द्राक्ष बागायतदार आणि लघुउद्योजक यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. परदेशी खरेदीदार येतो तेव्हा दुभाष्याला पैसे मोजणे ही उधळपट्टी आहे, इंग्रजी शाळेत शिकलेला घरचा मुलगा पुरतो, पाहुणा दोन-चार वाक्ये बोलून थांबला की लक्षात राहील तेवढे थोडक्यात सांगावे आणि अडलेच तर मोबाइल आहेच, असे त्यात म्हटले आहे.

यातले ‘दोन-चार वाक्ये’ हे गृहीतच कच्चे आहे. वक्ता थांबल्यावर दुभाष्याने बोलायचे, या पद्धतीला क्रमिक दुभाषेपण म्हणतात आणि त्यात पाच-सहा मिनिटांचे सलग बोलणे पेलण्याची तयारी लागते. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत पॉल मांतू यांनी इंग्रजी-फ्रेंच दुभाष्याचे काम याच पद्धतीने केले. हेडफोन लावून ऐकता ऐकताच बोलण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती नंतर, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात.

‘लक्षात राहील तेवढे’ ही त्याहून मोठी चूक आहे. दुभाषी वही घेऊन बसतो, पण लघुलिपीत शब्द उतरवून घेत नाही. दुभाष्याचे काम करणारे आणि शिकवणारे ज्याँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार तो शब्दांऐवजी आशय टिपतो, विधानांना जोडणारे दुवे आणि नकार न चुकता नोंदवतो आणि पानावर वरून खाली, तिरके सरकत लिहितो. समजा दिंडोरीच्या बागेत खरेदीदार म्हणाला, “गेल्या वर्षी रंग उत्तम होता, तरीही मणी १६ मिलिमीटरपेक्षा लहान निघाल्यामुळे दोन कंटेनर आम्ही उचलले नाहीत, यंदा साखर १६ ब्रिक्सच्या वर असेल तरच दराचे बोलू.” वहीत ‘गे. व. रंग +’, खाली थोडे आत ‘तरीही’, त्याखाली ‘मणी < १६’, मग ‘२ कं.’ आणि फुली, एक आडवी रेघ, शेवटी ‘ब्रिक्स > १६’, ‘तरच’, ‘दर’ एवढेच उतरते. घरचा मुलगा बहुधा सांगेल की साहेबांना मोठा मणी आणि गोडी हवी आहे. त्यात खोटे काही नाही, पण ‘तरच’ गळला आणि अट होती हेच शेतकऱ्याला कळले नाही.

शिवाय घरचा मुलगा “ते म्हणतात की” अशी सुरुवात करतो, मग शेतकरी काकांची बाजूही स्वतःच मांडू लागतो, आणि पाहुणा काकांऐवजी त्याच्याशीच घासाघीस करतो. दुभाषी वक्त्याच्या जागी ‘मी’ म्हणूनच बोलतो आणि स्वतःची भर घालत नाही. न्यायालयात तर हे कायद्याचे बंधन आहे: आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगावी लागते आणि दुभाष्याने खरे तेच सांगितले पाहिजे, ही तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सुरगाण्याच्या, कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आरोपीला साक्षीचा नुसता सारांश ऐकवून भागणार नाही.

मोबाइलबद्दल मात्र मजकुरात थोडे तथ्य आहे. त्र्यंबकचा रस्ता विचारायला तो पुरेसा आहे. सौद्यात आकडा नीट ऐकू आला नाही तर दुभाषी बोलणाऱ्याला थांबवून “सोळा की अठरा?” असे विचारतो, ॲप जे ऐकू आले असेल ते बिनदिक्कत पुढे सांगून मोकळे होते.