नगरपंचायत मागताय? मग अधिसूचनेआधीचं वर्ष कामाला लावा

तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या गावात, महामार्गाला लागून फुगलेल्या गावात एक मागणी कधी ना कधी उठतेच: आमची ग्रामपंचायत आता नगरपंचायत करा. निवेदनं जातात, बॅनर लागतात आणि सगळी चर्चा दोन वाक्यांवर येऊन थांबते. एक गट म्हणतो निधी येईल, दुसरा म्हणतो घरपट्टी वाढेल. दोन्ही होतं. पण नगरपंचायत नीट चालणार की पहिली पाच वर्षं नुसती निस्तरण्यात जाणार, हे त्यावर ठरत नाही. ते ठरतं अधिसूचना निघण्याआधी गावाने काय तयारी केली त्यावर. आणि नेमक्या त्या काळात बहुतेक गावं वाट बघत बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कायदा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने शहरी संस्थांचे तीन प्रकार केले: मोठ्या शहराला महानगरपालिका, लहान शहराला नगरपरिषद आणि गावाचं शहर होऊ घातलेल्या संक्रमणशील क्षेत्राला नगरपंचायत. महाराष्ट्रात त्यासाठी १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम आहे. त्याच्या कलम ३४१-अ प्रमाणे लोकसंख्या १० हजार ते २५ हजार हवी. महापालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत असाल तर बिगरशेती रोजगार किमान २५ टक्के, त्याहून लांब असाल तर ५० टक्के. २०१४ मध्ये सरकारने तालुका मुख्यालयांना नगरपंचायत देण्याचं धोरण घेतलं. तिथे लोकसंख्येची अट आड आली नाही, म्हणून अगदी लहान तालुका ठिकाणीही आज नगरपंचायत दिसते. ग्रामसभेचा ठराव असला तर प्रस्तावाला वजन येतं, पण अंतिम निर्णय नगरविकास विभागाचा. ठराव नाही म्हणून अधिसूचना अडत नाही, आणि ठराव आहे म्हणून ती निघतेच असंही नाही.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांनी मात्र थांबून विचार करावा. घटनेचं कलम २४३-यग सांगतं की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. तरी तिथल्या तालुका ठिकाणी नगरपंचायती झाल्या आहेत. ग्रामपंचायत गेली की पेसाखालचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालचे, ग्रामसभेचे अधिकारही हातचे जातात. माझ्या मते तिथे हा व्यवहार बहुतेकदा तोट्याचा आहे.

प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडून वर जातो, मग प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. या ३० दिवसांत लोक "आम्हाला नको" किंवा "आम्हाला हवीच" एवढंच लिहून देतात. खरं वाचायचं असतं ते शेवटचं परिशिष्ट. त्यात समाविष्ट महसुली गावं, गट नंबर आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. गट ग्रामपंचायत असेल तर दोन-तीन महसुली गावं आणि चार-पाच वाड्या एकाच दफ्तराखाली असतात. परिशिष्टात फक्त मुख्य गावाचं नाव आलं तर तीन-चारशे वस्तीची वाडी मधल्या मध्ये लटकते. ग्रामपंचायत विसर्जित झालेली, नगरपंचायतीत नाव नाही, स्वतंत्र ग्रामपंचायत होण्याइतकी वस्ती नाही. दिवाबत्तीचं बिल कोणी भरायचं इथपासून वाद सुरू होतात. उलटही होतं: घाईत सगळी शिवारं हद्दीत घेतली जातात आणि वस्तीपासून चार किलोमीटर लांबच्या शेतातल्या घरालाही नगरपंचायतीची घरपट्टी लागू होते, तिथे ना गटार पोचतं ना घंटागाडी. तलाठ्याकडून गाव नकाशा आणि गटवारी घ्या, परिशिष्टाशी ओळ न् ओळ ताडून बघा आणि गट नंबरसकट हरकत द्या. "आमच्या भावना विचारात घ्याव्यात" अशा हरकतीवर सुनावणीत बोलण्यासारखं काही उरत नाही.

अंतिम अधिसूचना राजपत्रात आली की ग्रामपंचायत संपली. सरपंच, सदस्य, ग्रामसभा, सगळं त्या तारखेला थांबतं. प्रशासक म्हणून बहुतेक वेळा तहसीलदार येतात, ज्यांच्याकडे आधीच तालुक्याचा गाडा असतो. मुख्याधिकारी राज्य संवर्गातून येतो, पण सुरुवातीला शेजारच्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी अतिरिक्त कार्यभारावर असणं सर्रास आहे. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दफ्तर. चार्ज देताना ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) कपाटाच्या किल्ल्या आणि एक यादी देतो. त्या यादीत काय नाही, हे बघणारा कोणी नसतो. नमुना आठ, म्हणजे घरांची कर आकारणी नोंदवही, ही नगरपंचायतीच्या सगळ्या कर वसुलीचा पाया. ती किती वर्षांपूर्वीची आहे? वाढीव बांधकामं चढवली आहेत का? एकाच घराचे तीन भावांत तोंडी तीन हिस्से झालेत, वहीत नाव अजून आजोबांचं, असं किती ठिकाणी आहे? थकबाकीची यादी नावनिशी आहे का, की फक्त एकूण आकडा आहे? नळजोडण्यांची नोंद आणि प्रत्यक्ष नळ यांचा मेळ बसतो का? जागांचे ठराव, गाळ्यांचे भाडेकरार, अनामत रकमा, चालू कामांच्या मोजमाप पुस्तिका, महावितरणची दिवाबत्ती आणि पाणी उपशाची थकबाकी, ही सगळी कागदपत्रं स्वतंत्र यादीत, पान क्रमांकासह यायला हवीत. येणी जशी नवीन संस्थेकडे येतात, तशी देणीही येतात. विजेची थकबाकी माहीत नसताना पहिलं अंदाजपत्रक केलं की ते पहिल्याच तिमाहीत कोसळतं.

प्रारूप आणि अंतिम अधिसूचनेच्या मधल्या काळात एक वाईट प्रकार घडतो आणि त्यावर बोललंच पाहिजे. मागच्या तारखांचे ना हरकत दाखले, नमुना आठला घाईघाईने चढवलेल्या नोंदी, संपत आलेल्या निधीतून काढलेली कामं, आणि मासिक सभेच्या ठरावावर भरलेली माणसं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात क्रूर, कारण ती गरिबाच्या पोटावर येते. नगरपंचायतीचा आकृतिबंध, म्हणजे कोणती किती पदं असावीत, हे सरकार मंजूर करतं. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचं नगरपंचायतीत समावेशन होताना ज्याची नेमणूक मंजूर पदावर आहे, शैक्षणिक अर्हता आहे, सेवापुस्तक आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद आहे, त्याचा प्रस्ताव पुढे सरकतो. वीस वर्षं व्हॉल्व्ह सोडणारा पाणीपुरवठा कर्मचारी, ज्याची नोंद फक्त पगाराच्या व्हाउचरवर आहे, तो मागे राहतो. गावातली अर्धी पाइपलाइन कुठून गेली हे त्यालाच माहीत असतं, आणि पुढे तोच ठेकेदाराकडे कमी पगारावर कामाला लागतो. सेवापुस्तकं पूर्ण करणं हे ग्रामपंचायतीच्याच हातात आहे, तिची मुदत असेपर्यंत. नंतर कोणी करू म्हटलं तरी करता येत नाही.

घरपट्टीबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. अधिसूचनेच्या दुसऱ्या दिवशी कर वाढत नाही. नवीन आकारणी होईपर्यंत जुनीच चालते. ग्रामपंचायतीत २०१५ च्या नियमांनंतर भांडवली मूल्यावर कर बसतो. नगरपंचायतीत साधारणपणे वार्षिक भाडेमूल्यावर: त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. समजा ६० चौरस मीटरचं घर, भाडेदर महिना चौरस मीटरला १० रुपये धरला. वर्षाचे ७,२०० रुपये, १० टक्के वजा जाता ६,४८०. त्यावर एकत्रित कर २५ टक्के धरला तर १,६२० रुपये. हे आकडे फक्त समजण्यासाठी, दर प्रत्येक ठिकाणी वेगळे. बिलात शिवाय शिक्षण कर, वृक्ष कर आणि बिगरनिवासी मालमत्तेला रोजगार हमी कर येतो, आणि हे ग्रामपंचायतीच्या पावतीवर कधी नसल्यामुळे लोक चक्रावतात. लक्ष ठेवायची जागा एकच: भाडेदर ठरवण्यासाठी गावाचे जे झोन पाडतात ते. मुख्य पेठ आणि मागची वस्ती एका झोनमध्ये गेली की मागच्या वस्तीवर अन्याय होतो. फेरआकारणी दर चार वर्षांनी असते, यादी प्रसिद्ध होते आणि हरकतीची मुदत असते. मोजणीला आलेल्या खासगी एजन्सीच्या माणसाने पत्र्याची शेड 'आरसीसी' लिहिली, तर ती चूक त्या मुदतीत दुरुस्त करून घ्या. मुदत गेली की चार वर्षं तोच आकडा बोकांडी बसतो.

आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे नगरपंचायतीतही तितकंच खरं. गावठाणात ज्यांची ड्रोन मोजणी झाली आहे त्यांनी मालमत्ता पत्रक, म्हणजे सनद, हातात घेऊन ठेवावी. पुढे बांधकाम परवानगी मागताना तीच विचारतात.

बांधकाम परवानगीला आता डिसेंबर २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. पण खरा बदल विकास आराखड्याने होतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण बनते आणि तिने स्थापनेपासून तीन वर्षांत आराखडा करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याला कितीतरी जास्त वर्षं लागतात. आधी विद्यमान जमीन वापर नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा, मग ३० दिवस हरकती, नियोजन समितीपुढे सुनावणी, मग सरकारची मंजुरी. विद्यमान जमीन वापर नकाशाकडे कोणी फिरकत नाही आणि तिथेच घोळ होतो. तुमचं दहा वर्षांचं घर त्या नकाशावर 'मोकळी जागा' दाखवलं गेलं, तर पुढच्या टप्प्यात त्यावर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडू शकतं. आरक्षण पडल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. यात दोघांचं नुकसान आहे. मालक दहा-बारा वर्षं अडकतो, आणि गावाच्या हातून मैदानाची एकमेव जागाही जाते, कारण संपादनाला पैसा नसतो. म्हणून लहान गावाने आरक्षणं आधी गायरान आणि सरकारी जागांवर टाकावीत, खासगी जागेवर मोजकीच. आराखड्याच्या वेळी हा आग्रह सदस्यांनी धरला नाही तर नंतर कोणी धरू शकत नाही.

पाण्याचं गणित साधं आहे आणि तरी चुकतं. ग्रामीण योजना माणशी ५५ लिटरने आखतात. शहरी निकष भुयारी गटार नसेल तर ७० आणि असेल तर १३५ लिटर. १५ हजार वस्तीला ५५ ने रोज सव्वाआठ लाख लिटर लागतात, १३५ ने सव्वावीस लाख. योजना प्रादेशिक असेल, म्हणजे तुमच्या टाकीवर आणखी सहा गावं असतील, तर नगरपंचायत झाल्यावर तुम्हाला जास्त पाणी आपोआप मिळत नाही. उलट त्या योजनेची देखभाल कोणी करायची यावर जिल्हा परिषद आणि नगरपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात. जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आरोग्य केंद्रांचंही तेच होतं. वर्गखोली गळते, पण पैसे नक्की कोणाच्या खात्यातून, यावर पावसाळा निघून जातो.

निधीचं म्हणाल तर नगरोत्थानसारख्या योजना, वित्त आयोगाचं शहरी अनुदान, शहरी घरकुल ही दारं उघडतात. त्याच दिवशी ग्रामीण घरकुल, ग्रामीण रोजगार हमी, जिल्हा परिषदेचा सेस ही दारं बंद होतात. शेतमजूर कुटुंबं जास्त असलेल्या गावात हा तोटा खरा आहे आणि तो मिरवणुकीत कोणी सांगत नाही. ग्रामीण घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यांना मंजुरी आणि पहिला हप्ता अधिसूचनेआधी मिळतो का, यासाठी पंचायत समितीत पाठपुरावा करायला हवा.

निवडणुकीचा भाग थोडक्यात. १७ प्रभाग, प्रत्येकी एक सदस्य, निम्म्या जागा महिलांना. नगराध्यक्ष थेट की सदस्यांतून, हे गेल्या दशकात अनेकदा फिरलं आहे, सध्या थेट. १५,३०० लोकसंख्या असेल तर प्रभागाची सरासरी ९०० आणि १० टक्के कमी-जास्त धरून ८१० ते ९९०. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेली वस्ती, शक्यतो फोडायचा नसतो आणि एक गट साधारण सहा-सातशे माणसांचा असतो. त्यामुळे दोन गट घेतले तर जास्त, एक घेतला तर कमी, अशी ओढाताण होते, आणि याच फटीतून सोयीचे प्रभाग पाडले जातात. प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत घेताना प्रगणक गटांचे क्रमांक आणि लोकसंख्या मांडा. निवडणूक लांबली तर कारभार प्रशासकाकडेच राहतो. ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणात राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांनी २०२२ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत हे भोगलं आहे.

सध्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ गोठवलेल्या आहेत. त्या काळात हद्दी बदलत नाहीत, म्हणजे तयारीला वेळ आहे. प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल आणि बिगरशेती रोजगाराचा टक्का पुढची अनेक वर्षं तिच्यातूनच काढला जाईल. पेठेत दिवसभर दुकान चालवणारा माणूस सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून प्रगणकाला 'शेतकरी' सांगतो, एमआयडीसीत पाळीला जाणारा मुलगाही वडिलांच्या पाठोपाठ तेच सांगतो, आणि ५० टक्क्यांच्या अटीत गाव दोन-तीन टक्क्यांनी मागे पडतं. जे काम वर्षातले जास्त महिने करता, तेच प्रगणकाला सांगा, आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचं वेगळं लिहून घ्या.